पंखापलीकडची सुई

विमानाचा पंख शिवायला दोन माणसं लागतात. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण विमान म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर पत्रा येतो. पण रायपूरबाहेर माना विमानतळावर, एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये, कापडाच्या पंखांचं एक जुनं पुष्पक विमान होतं. पंखाच्या फासळ्यांवर पक्कं सुती कापड ताणून बसवायचं, मग हातभर लांब सुई घेऊन ते कापड एकेका फासळीला टाक्यांनी बांधायचं, आणि वरून वार्निशासारखं उग्र वासाचं औषध फासून ते नगाऱ्यासारखं कडक करायचं, असं ते काम. शिवताना पंख उभा करून ठेवतात. एक माणूस अलीकडे बसतो, एक पलीकडे. अलीकडचा सुई टोचतो, पलीकडचा ओढून घेतो आणि जराशा अंतरावरून परत पाठवतो. मध्ये पंख असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसते ती फक्त सुई, जाणारी आणि येणारी.

वनमाला बोरीकर अठराव्या वर्षापासून पलीकडे बसत आली होती. अलीकडे तिचे वडील, नरहर बोरीकर. त्यांच्या साऱ्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, त्यांना नरहर मास्तर म्हणत. शाळेचे नव्हेत, शिलाईचे मास्तर. ते गेले तेव्हा क्लबनं तिलाच कामावर ठेवलं, आणि पुढची नऊ वर्षं तिनं दोन्ही बाजू एकटीनं शिवल्या. टाका टोचायचा, उठायचं, पंखाला वळसा घालून पलीकडे जायचं, सुई ओढून परत टोचायची, पुन्हा वळसा. हँगरचा जुना माणूस भैय्यालाल बघून बघून दमायचा. "दीदी, मैं बैठ जाऊँ उस तरफ?" तो विचारायचा. "राहू दे भैय्यालाल," ती म्हणायची. पलीकडून सुई आली की तिला वाटलं असतं मास्तर आहेत, आणि मग पंखाच्या कडेवरून भैय्यालालचं टक्कल दिसलं असतं. त्यापेक्षा वळसा बरा.

मास्तर गेले त्याच वर्षी आईनं अंथरूण धरलं. सकाळी आईचं अंग पुसायचं, तिला पेज भरवायची, शेजारच्या कांताबाईला "लक्ष ठेवा हो" म्हणायचं आणि लुना काढून माना विमानतळाची वाट धरायची. दुपार कलली की तीच वाट घाईघाईनं उलटी. अशी नऊ वर्षं गेली. दोन हजार एक साली, पोळ्याच्या आठ दिवस आधी, आईही गेली. संध्याकाळी लवकर घरी पोचायचं काही कारण उरलं नाही. घाई माणसाला किती सोबत करत असते, हे घाई संपल्यावर कळतं.

गाव तर तेव्हा घाईनं फुलून आलं होतं. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन वर्ष होत आलं होतं. सुरुवातीला सदर बाजारातून लाल दिव्याची गाडी गेली की माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन बघायची. आता कोणी मानही वर करत नव्हतं. भोपाळहून आलेले कारकून ब्राह्मणपाऱ्याच्या गल्ल्यांत खोल्या शोधत हिंडायचे. वनमालेच्या दारातही दोघेतिघे डोकावून गेले. "अकेली रहती हैं? पीछे का कमरा खाली होगा?" ती दार लोटून घ्यायची. आत आल्यावर भांडं खाली ठेवलं तरी त्याचा आवाज घरभर फिरायचा.

भाऊ भार्गव नागपूरला होता. त्याचा फोन कांताबाईकडे यायचा, आणि कांताबाई खिडकीतून ओरडायची, "वनमालाऽ, भावाचा हाय!" मग वनमाला ओल्या हातानं धावायची.

"वनू, कधी येऊन राहिली तू?" भार्गव विचारायचा. "इंदूनं तुयासाठी खोली लावून ठेवली. तुले तिथं आता काय ठेवलं हाय?"

"काम हाय ना."

"कोणतं काम? त्या एका इमानाले ठिगळं लावाचं?"

"ठिगळं नाही लावत मी. पंख शिवतो."

"तेच ते. हे पाय, एकट्या बाईचं तिथं काही खरं नाही. गुढीपाडव्याले मी येतो तुले न्यायले. दोघांचं परतीचं तिकीट काढूनच येतो."

ती "बरं" म्हणायची. नाही म्हणायला हाताशी काही असावं लागतं, तिच्याकडे काही नव्हतं.

हँगरमध्ये तेव्हा गुलाबराव ढोक म्हणून एक म्हातारे होते. मूळचे वर्ध्याकडचे, हवाई दलात पोरांना उडायला शिकवून निवृत्त झालेले, रायपुरातच पंडरी भागात एका लॉजच्या खोलीत राहणारे. क्लबनं त्यांना पुष्पकसाठी ठेवलं होतं, कारण शेपटाखाली चाक असलेलं विमान चालवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. राजधानी झाल्यापासून क्लबात पोरांची रीघ लागली होती, पण त्यांना हवं होतं ते नाकाखाली चाक असलेलं नवं विमान, ज्याच्यावर शिकून पुढे मोठ्या कंपनीत जाता येतं. पुष्पककडे ती आजोळच्या म्हाताऱ्या बैलाकडे बघावं तसं बघून जायची. इंजिन गंजू नये म्हणून गुलाबराव आठवड्यातून दोनदा ते एकटेच उडवायचे आणि उतरून कोणाशी न बोलता चहा प्यायचे.

वनमालेच्या मनात एक जुनी गोष्ट रुतून होती. ती वीसेक वर्षांची असताना मास्तरांनी तेव्हाच्या एका कॅप्टनला भीतभीत विचारलं होतं, "साहेब, नियमात लिवलं हाय म्हणते की क्लबच्या माणसालेही शिकता येते?" कॅप्टन हसले होते. "मास्तर, तुम्ही शिवा, आम्ही उडवतो." मास्तरही हसले. पण त्या दिवशी सायकलवर तिला मागं बसवून घरी नेताना ते सगळी वाट एक शब्द बोलले नाहीत.

दसरा झाला आणि एका संध्याकाळी, गुलाबरावांचा चहा संपायची वाट बघून, तिनं विचारलं.

"सर, मले शिकवाल का?"

गुलाबरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. "काय शिकाचं?"

"हेच. पुष्पक."

"वय काय तुमचं?"

"एक्केचाळीस."

"मी एकाहत्तरचा. त्या मानानं पोट्टीच तुम्ही." त्यांनी चष्मा चढवला. "पण एक सांगतो वनमालाबाई. या विमानाचं प्रमाणपत्र मार्च अखेर संपते. कमिटी पुन्हा करून घेणार नाही. कोण्या कॉलेजात शोभेले ठेवणार हायेत याले. तवरिक तुम्हाले एकटीनं उडवता आलं, तर शिकल्या. नाही तर नुसतं माया शेजारी बसून हवा खाल्ली म्हणाची."

"एकटीनं?"

"मंग? शेजारची जागा रिकामी झाल्याबिगर कोणी शिकत असते का?"

ती त्या दिवशी लुनावरून जाताना स्वतःशीच हसली, खूप दिवसांनी. साऱ्या जगाला तिच्या एकटीपणाची काळजी होती. आणि हा म्हातारा म्हणत होता की ते अजून तिला कमवायचं आहे.

डॉक्टरची तपासणी, दिल्लीचे कागद, यात डिसेंबर उजाडला. मग सकाळी सात वाजता, धुकं विरलं की, भैय्यालाल विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचा आणि दोघं निघायचे. ती डावीकडे, गुलाबराव उजवीकडे.

पुष्पक जमिनीवर असतं तेव्हा शेपूट टेकवून, नाक वर करून बसलेलं असतं. समोरचं काहीच दिसत नाही, आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईनं वाटेच्या दोन्ही कडा बघत चालावं, तसं दोन्ही बाजूंची धावपट्टी नजरेत धरून सरळ जायचं. पायाखाली दोन पट्ट्या. डावी दाबली की विमान डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. आणि हे विमान सरळ जायला मनापासून नाखूश.

"हातगाडी ओढली तर मागून मुकाट येते," गुलाबरावांनी समजावलं. "ढकलली की तोंड फिरवते. याचं वजन चाकाच्या मागं हाय. मागच्याले सारखी पुढं याची घाई. पायानं त्याले समजावत राहाचं. उठताना, उतरताना, आणि उतरल्यावरही. थांबेपर्यंत."

हात तिचे लवकर शिकले. मापाची सवय असलेले हात ते. पण पाय ऐकेनात. विमान डावीकडे ओढलं की तिचे दोन्ही पाय एकदम खाली जायचे. दोन्ही पट्ट्या एकमेकींना अडवायच्या आणि विमान आपलं डावीकडेच जायचं. गुलाबराव घाईनं आपला पाय घालायचे. असं दहादा झालं तेव्हा त्यांनी विमान थांबवून तिच्या पायांकडे बघितलं.

"घरी मशीन चालवता?"

"हो. लहानपणापासून."

"तरीच! तुमचे पाय मशीनवर हायेत, बाई. दोघं एकमतानं खाली, एकमतानं वर. इथं एकमत नाही चालत. भांडणारे पाय पाहिजेत."

तिनं मान खाली घातली. तेवीस वर्षं त्या पायांनी घर चालवलं होतं. लोखंडी पायट्यावर जोडीनं पडणारे ते पाय आता दोष म्हणून पुढे आले.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि विचार करत राहिली. मग आईचा जेवायचा पाट घेतला, जमिनीवर लाटणं आडवं ठेवलं, आणि लाटण्यावर पाटाचा मध्य टेकवला. खुर्ची ओढून बसली. एक पाय पाटाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. डावा खाली गेला की उजवा वर. दोन्ही एकदम दाबले तर पाट हलायचाच नाही.

पाय ठेवला आणि ती थबकली. जेवायचा पाट, आणि त्याखाली लाटणं! आई असती तर पडल्या जागेवरून ओरडली असती: लक्ष्मीले पाय लावते का अवदसा? लहानपणी नुसता लाटण्याला पाय लागला तरी तिला हात जोडायला लावायची. वनमाला पाय तसाच ठेवून जरा वेळ थांबली. कोणी ओरडलं नाही. आईच्या खाटेवर घडी घातलेली गोधडी होती, तिच्यावर उन्हाचा एक कवडसा होता. मग वाकून तिनं पाटाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि पाय चालवायला लागली. डावा. उजवा. समोर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या दोन कडा नजरेत धरून.

कांताबाई पीठ मागायला आली आणि दारातच थांबली.

"अगंबाई! हे काय करून राहिली वं तू?"

"पाय शिकवतो."

"काहून? विसरले का चालणं?" कांताबाईनं पदर तोंडाला लावला. "आई गेल्यापासून तुयं डोस्कं ठिकाणावर नाही, पोरी. जाय बाई नागपूरले, भावाकडे जाय."

दुसऱ्या दिवशी आख्ख्या पाऱ्याला माहीत झालं की नरहर मास्तरची पोरगी पाटाला लाथा मारत बसते.

पण पाय भांडायला शिकले. हळूहळू शिकले, जसं दोन सख्ख्या भावांना वाटणी शिकायला वेळ लागतो. जानेवारीत तिला पहिल्यांदा शेपूट वर उचललेलं कळलं. वेग येतो, शेपूट उचलतं, नाक खाली येतं आणि आतापर्यंत झाकलेली सगळी धावपट्टी एकदम समोर उलगडते. कोणीतरी तोंडावरून चादर काढावी तशी. रेडिओवर बोलायचं इंग्रजी तिनं शिलाईच्या कागदावर देवनागरीत लिहून मांडीला टाचलं होतं. ती वाचून हाक द्यायची आणि टॉवरमधला अनोळखी आवाज लगेच ओ द्यायचा. घरी आता हाकेला ओ मिळत नव्हती. इथे एकही हाक वाया जात नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी तिनं विमान असं काही उतरवलं की गुलाबराव न राहवून "वाऽ" म्हणाले. तिन्ही चाकं एकदम, आवाजसुद्धा झाला नाही. विमान धावत होतं, वेग मरत आला होता, थांबायला वीसएक पावलं उरली असतील. आणि ती सुखावली. कितीतरी महिन्यांनी अंगातला ताण सुटला, आणि सैल पडलेले पाय आपल्या जुन्या घरी गेले. दोन्ही एकदम खाली.

मागच्या वजनाला तेवढंच हवं होतं. विमान गर्रकन फिरलं, धावपट्टीच्या कडेला उतरलं, डाव्या पंखाचं टोक जमिनीला टेकून खरवडत गेलं आणि एका खुंटीला अडकलं. कापड फाटल्याचा आवाज तिनं जन्मात हजारदा ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता.

सगळं शांत झालं. धूळ खाली बसली. गुलाबराव म्हणाले, "लागलं का?"

"पंखाले लागलं," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं.

दोन फासळ्यांवरचं कापड उसवलं होतं, तिनं स्वतः घातलेले टाके तुटून दोरे लोंबत होते. आतली फासळी शाबूत होती, तेवढं नशीब. क्लबातल्या एका पोरानं दुसऱ्याला म्हटलेलं तिला ऐकू आलं, "आंटी ने खुद सिला, खुद फाड़ दिया." दोघं हसले. कमिटीचे एक सदस्य येऊन बघून गेले आणि म्हणाले, महिनाभराचा तर प्रश्न आहे, आता हे असंच राहू द्या.

गुलाबराव त्यांच्यामागून बाहेर गेले. काय बोलले ते कोणाला कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. "शिवा," ते म्हणाले.

पंख उतरवून उभा केला. वनमालेनं नवं कापड बेतलं, सुई ओवली, पहिला टाका टोचला आणि सवयीनं उठायला गेली. सुई तिच्या हातून पुढे सरकली. पलीकडून कोणीतरी ओढत होतं. क्षणभर ती तशीच वाकून राहिली, श्वास धरून. मग सुई परत आली, चार बोटं चुकीच्या जागी, वाकडी.

"वर. अजून वर," ती म्हणाली.

"दिसते कोणाले इथं! डोळे गेले माये." पलीकडून गुलाबरावांचा आवाज आला. "मास्तर कसे करत होते?"

"ते बोटानं चाचपत होते. फासळी लागते हाताले."

सुई परत गेली, परत आली. या वेळी जागेवर. त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे प्रत्येक टाक्याला दुप्पट वेळ लागत होता, पण ती घाई करत नव्हती. अर्धा पंख झाल्यावर पलीकडून विचारणा झाली, "गाठ कधी मारता?"

"शेवटचा टाका झाला की. आधी दोरा सोडला तर सगळं सैल होते."

"मंग हे तुम्हाले मी काय शिकवू?" गुलाबराव म्हणाले. "थांबेपर्यंत पाय सोडाचा नाही, म्हंजे दुसरं काय हाय?"

तिनं सुई टोचली.

दुरुस्ती, औषधाचे थर, ते वाळणं, तपासनिसाची सही, यात मार्चचे पंधरा दिवस गेले. मग राजधानी आडवी येऊ लागली. रोज कोणी ना कोणी मोठा माणूस दिल्लीहून यायचा नाही तर दिल्लीला जायचा, आणि त्यांचं विमान येऊन जाईपर्यंत छोट्यांनी हँगरात बसायचं. इंजिन तापवून ठेवलेलं, पट्टे बांधलेले, आणि भैय्यालाल येऊन सांगायचा, "दीदी, उतरव. साहब आवत हे." मग होळी आली, दोन दिवस क्लबच बंद. तीस तारीख उजाडली.

त्या सकाळी ते दोघं मिळून तीन फेऱ्या उडले. तिसऱ्या वेळी विमान थांबलं, गुलाबरावांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरले. पट्टा रिकाम्या जागेवर नीट अडकवला, लोंबू नये म्हणून.

"एक फेरी," ते म्हणाले. "माया भार नाही, लवकर उचलंल. उतरताना तरंगंल, घाबराचं नाही."

"सर..."

"जा. मले चहा प्याचा हाय."

विमान खरोखरच उड्या मारत उठलं. शेपूट वर, पट्टी उलगडली, उजवा पाय, जरासा डावा, आणि जमीन सुटली. उजवीकडे नजर गेली तर आयुष्यात पाहिलेली सगळ्यात रिकामी जागा तिथे होती. पट्टा तेवढा थरथरत होता. ती मोठ्यानं म्हणाली, "मी एकटी हाय," आणि इंजिनाच्या आवाजात ते तिलाच ऐकू आलं नाही.

अर्धी फेरी झाली आणि रेडिओवर आवाज आला. सरकारी विमान येतंय. तोवर दक्षिणेला जाऊन गिरक्या घाला. हे तिच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. तिनं ऐकलं तेवढंच परत म्हटलं, आणि दक्षिणेला वळली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. खाली कापणी झालेली धानाची खाचरं बांधाबांधानं शिवलेल्या गोधडीसारखी पसरली होती. पळस फुलले होते, तलावात आभाळ होतं. एक बाई डोक्यावर घागर घेऊन बांधावरून चालली होती, तिची सावली तिच्याहून मोठी. वनमाला गिरकी घालून परत आली तरी ती बाई अजून चालतच होती. लांब उत्तरेला धुराखाली रायपूर. त्यात कुठेतरी ब्राह्मणपारा, आणि त्यात कुलूप लावलेलं एक घर. भार्गवची लावलेली खोली. इतक्या वरून सगळं सारखंच लांब. तिला भीती वाटली, मग भीतीचाही कंटाळा आला. कोणी यायचं नव्हतं. कोणी येऊन पाय घालणार नव्हतं. हे तिला आजवर घरात बसून रोज कळत होतं, पण तिथे ते कळून करायचं काही नसे. इथे करायला होतं. डावा. उजवा. तेल बघायचं. गिरकी घालायची. वाट बघत बघत ती त्या रिकाम्या जागेच्या शेजारी बसायला शिकली.

वीस मिनिटांनी तिला उतरायची परवानगी मिळाली. ऊन चढलं होतं. धावपट्टीकडे वळताना तिची नजर वाऱ्याच्या पिशवीवर गेली. ती पिशवीही तिनंच शिवलेली, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची. सकाळी ती पट्टीच्या रेषेत लोंबत होती. आता ताठ होऊन आडवी उभी होती. वारा बाजूनं.

विमान पट्टीवर आलं आणि तरंगत राहिलं, खाली बसेना. कंट्रोलचा दांडा पोटाशी ओढलेला, अजून पोटाशी. वाऱ्याकडचं चाक आधी टेकलं, मग दुसरं, मग शेपूट. आणि लगेच मागच्या वजनानं पुढे यायची घाई केली. डावा पाय. उजवा. उजवा. डावा. कडा दोन्ही बाजूंना सारख्या धरून. वेग मरत आला. फेब्रुवारीत जिथे ती सुखावली होती ती जागा आली आणि मागे गेली. तिनं पाय सोडले नाहीत. वळणावर सोडले नाहीत, हँगरसमोर विमान उभं राहिलं तरी सोडले नाहीत. भैय्यालालनं धावत येऊन चाकाला लाकडी ठोकळे लावले, पंखा फडफडून थांबला.

गुलाबराव दाराशी आले. त्यांच्या हातातला चहाचा पेला भरलेला होता, वर साय धरलेली.

"पाय काढा आता," ते म्हणाले.

"थांबलं का?"

"थांबलं."

मग तिनं पाय काढले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला. पंख उतरवून चढवताना एका टोकाला भैय्यालाल होता आणि एका टोकाला वनमाला. गुलाबराव आदल्या दिवशीच वर्ध्याला गेले होते. निरोप घेणं त्यांना जमत नसे. तिच्यासाठी एक चिठ्ठी ठेवली होती, तिच्यात तारीख, वेळ आणि "एकटीने" एवढंच लिहिलं होतं. खाली सही. तिनं ती घडी करून मशीनच्या खणात ठेवली. हँगरमध्ये पुष्पकच्या जागी जमिनीवर तेलाचा एक डाग राहिला.

पाडव्याला भार्गव आला. गुढीला नमस्कार केला, श्रीखंड खाल्लं, आणि घरभर नजर फिरवली. बांधाबांध काहीच नव्हती. मशीन जागेवर होतं, त्यावर पंडरीच्या एका दुकानानं शिवायला दिलेल्या गाद्यांच्या खोळींचा ढीग. स्वयंपाकघरात खुर्ची, तिच्यासमोर लाटण्यावर ठेवलेला पाट.

"हे काय? आईचा पाट ना हा?"

"बस खुर्चीवर. पाय ठेव."

"पाटावर? पाय?"

"ठेव ना."

भार्गव अवघडून बसला. त्यानं पाय ठेवले आणि दाबले. पाट हलला नाही. त्यानं अजून जोर लावला.

"दोन्ही एकदम नको दाबू," ती म्हणाली. "एक गेला की दुसऱ्यानं याचं."

त्यानं प्रयत्न केला, पाट एका बाजूला आपटला, लाटणं गडगडत चुलीखाली गेलं. दोघंही हसले, अगदी लहानपणचं हसू. हसता हसता भार्गव थांबला आणि बहिणीकडे बघत राहिला.

"वनू, नाही येऊन राहिली ना तू?"

"नाही."

"काम तर गेलं. एकटी कशी राहशील?"

तिला ती बांधावरची बाई आठवली, डोक्यावर घागर घेतलेली. कसं राहायचं हे सांगितलं असतं तरी त्याला वाटलं असतं, बहीण विमानाचं सांगतेय. "पाठवीन पत्र," ती म्हणाली. "इंदूले सांग, दिवाळीले येतो. चार दिवस."

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. दोन तिकिटं काढली होती, त्यामुळे नागपूरपर्यंत त्याच्या शेजारची जागा रिकामीच गेली असेल. वनमाला स्टेशनवरून चालत घरी आली. दार उघडलं, दिवा लावला, वाकून चुलीखालून लाटणं काढलं, धुतलं, हात जोडले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तीनच लाटायच्या होत्या. बाहेरच्या खोलीत मशीन उभं होतं, रुंद पायट्याचं, दोन्ही पायांची वाट बघत.